धाकट्याची चाचणी कशासाठी?

येत्या जूनपासून आपल्या शाळेत ‘प्रज्ञा वर्ग’ सुरू करावा असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे, हे मागच्या पालक सभेला आलेल्या सर्वांना माहीत आहेच. यंदा पहिली ते तिसरीच्या मुलांतून आणि पुढे दरवर्षी बालवर्गातून चाचणी घेऊन पंचवीस मुले निवडायची, त्यांना वेगळी खोली, वेगळ्या बाई, गणित-इंग्रजीचे जादा तास द्यायचे, अशी त्याची साधारण रूपरेषा आहे. सभेत चर्चा मात्र जवळजवळ सगळी एकाच कलमावर झाली. ज्यांचे थोरले भावंड या वर्गात असेल त्या धाकट्यांची चाचणी एक वर्ष आधी, म्हणजे चौथ्या वर्षीच घ्यावी आणि किमान गुण मिळाले तर त्यांची जागा इतरांच्या आधी राखून ठेवावी, असे ते कलम आहे. बालवर्गाला अठ्ठावीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. या कलमाला माझा विरोध आहे आणि तो का, हे सभेतल्या दोन मिनिटांत सांगता येण्याजोगे नव्हते, म्हणून लिहिते.

आधी कलमाच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलते, कारण ते खरे आहे. बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळांना पट टिकवणे किती जड जाते हे विश्वस्तांना कुणी सांगायला नको. घरातले एक मूल इंग्रजी माध्यमात गेले की दुसरे त्याच्या पाठोपाठ जाते. रिक्षा एक, सुट्ट्या एक, फीची पावती एकाच खिडकीवर. थोरलीला प्रज्ञा वर्गात जागा मिळाली आणि धाकट्याला मिळाली नाही, तर नाराज झालेले आईवडील दोघांनाही काढून नेतील, ही भीती पोकळ नाही. शिवाय हुशार मुलाला वर्गात कंटाळा येतो, त्याला वेगळे खाद्य लागते, हेही मला मान्य आहे. पाढे पाठ झालेले मूल तासभर इतरांचे पाढे ऐकत खिडकीबाहेर बघत बसते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. प्रज्ञा वर्ग नकोच, असे माझे म्हणणे नाही.

पण हे कलम पटसंख्येच्या काळजीतून आले असले तरी ते एका समजुतीवर उभे आहे. ‘एकाच आईबापाची लेकरं, एकाच ताटातलं जेवतात, एक हुशार तर दुसरा का नसेल?’ सभेत एका आजोबांनी हेच विचारले आणि टाळ्याही पडल्या. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शंभर वर्षांच्या मोजमापातून देता येते.

बुद्ध्यंकाची सरासरी १०० धरतात. रस्त्यावरची कुठलीही दोन अनोळखी माणसे घेतली तर त्यांच्या बुद्ध्यंकात सरासरी १७ गुणांचे अंतर निघते. सख्ख्या भावंडांत ते सुमारे १२ निघते. म्हणजे भावंडे एकमेकांच्या जवळ असतात हे खरे, पण आपण समजतो तितकी नव्हे. अमेरिकेत डेन्व्हर येथे हुशार मुलांसाठी केंद्र चालवणाऱ्या लिंडा सिल्व्हरमन यांचे म्हणणे असे की, भावंडांत पाच-दहा गुणांचाच फरक असतो, एक मूल निवडले गेले की बाकीच्यांचीही चाचणी घ्यावी. हे मत पालकांत फार लोकप्रिय आहे. पण त्यांच्याकडे येणारी कुटुंबे मुळात आपल्या मुलांची चाचणी करून घ्यायला निघालेली, निवडक कुटुंबे. सर्वसाधारण घरांतून गोळा केलेले आकडे इतके गोड नाहीत.

थोडे गणित करू. समजा, थोरलीचा बुद्ध्यंक १३० आला आणि वर्गात घेण्याची रेषाही १३० आहे. तर धाकट्याचा अंदाज १३० नव्हे, ११५ बांधावा लागतो. तिच्या आणि सरासरीच्या मधोमध. काही धाकटे १३५ वर जातील, काही ९५ वर थांबतील. अशी आठ घरे घेतली तर त्यांतल्या एका घरातला धाकटा ती रेषा ओलांडेल. एरवी कुठल्याही चव्वेचाळीस मुलांत एखादेच ती ओलांडते. म्हणजे आजोबांचे म्हणणे अगदीच चूक नाही, हुशार मुलीच्या भावाला संधी इतरांपेक्षा पाचपट आहे. आणि तरीही आठांतले सात भाऊ बाहेर राहणार आहेत. या सात घरांत त्या संध्याकाळी काय बोलणे होईल, याचा विचार प्रस्तावात कुठे दिसला नाही.

भावंडांची चाचणी घेण्याची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात लुई टर्मन यांनी १९२१ साली हुशार मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्यात पुढे काही वर्षांनी आधी निवडलेल्या मुलांची ५८ भावंडे चाचणी घेऊन सामील करण्यात आली. एकूण मुले १५२८ झाली. या अभ्यासातली दोन गोष्टी मला शिक्षिका म्हणून फार बोलक्या वाटतात. टर्मन यांनी शिक्षकांना विचारले होते की वर्गातले सर्वांत हुशार मूल कोणते आणि वयाने सर्वांत लहान मूल कोणते. शिक्षकांनी ‘हुशार’ म्हणून दाखवलेल्या मुलांपेक्षा वयाने लहान असलेली मुले चाचणीत अधिक वेळा वर निघाली. आम्हा शिक्षकांच्या नजरेला हा चांगलाच टोला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चाचणीच्या नजरेलाही टोला आहे: विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांना टर्मन यांच्या चाळणीने बाहेर ठेवले आणि पुढे दोघांनीही पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवले. आत घेतलेल्या दीड हजारांतून एकालाही ते मिळाले नाही.

मग धाकटे हे थोरल्यांहून कमीच असतात का? नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांवरून २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडीच लाखांच्या आसपास तरुण. पहिल्या मुलांचे गुण दुसऱ्यांपेक्षा सरासरीने दोन-सव्वादोन इतकेच जास्त निघाले. गंमत अशी की, ज्यांचे थोरले भावंड तान्हेपणीच वारले आणि जे घरात थोरले म्हणून वाढले, त्यांचे गुण थोरल्यांसारखेच आले. म्हणजे जन्माच्या क्रमाने काही होत नाही, घरातल्या जागेने थोडेसे होते. दोन गुण म्हणजे काहीच नाही. चांगल्यातल्या चांगल्या चाचणीत त्याच मुलाचे गुण एका आठवड्यात पाच-सहाने वर-खाली होतात.

आता चौथ्या वर्षी चाचणी घेतली तर काय होते ते बघायला लांब जाऊ, न्यूयॉर्कला. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे तिकडे आणि न्यू जर्सीत आहेत, त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. त्या शहरात २००८ पासून सरकारी शाळांतल्या हुशार मुलांच्या वर्गांसाठी चार वर्षांच्या मुलांची एकसारखी चाचणी सुरू झाली. शंभरात नव्वदाव्या पायरीवर असलेले मूल आपल्या भागातल्या वर्गासाठी पात्र आणि सत्त्याण्णवाव्या पायरीवरचे मूल संपूर्ण शहरासाठीच्या शाळांना पात्र. हेतू चांगला होता, सगळ्यांना एकच माप लावायचे. झाले असे की तयारी करून घेणारे शिकवणीवर्ग निघाले, चार वर्षांच्या मुलांसाठी सरावाच्या वह्या छापल्या गेल्या आणि गरीब वस्त्यांतून पात्र होणारी मुले फारच थोडी राहिली.

तिथेही भावंडांचे कलम होते. वर्गात आधीपासून असलेल्या मुलाचे धाकटे भावंड पात्र ठरले तर जागा आधी त्याला. पुष्कळदा असे घडे की नव्व्याण्णव पायऱ्या चढलेल्या अनोळखी मुलाला जागा नाही आणि सत्त्याण्णवच्या धाकट्याला आहे. २०१२ साली तिथल्या शिक्षण खात्याने हा अग्रक्रम काढण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा पालकांत सरळ दोन तट पडले. एकाच फाटकाशी मुले सोडणाऱ्या आया एकमेकींविरुद्ध अर्ज करू लागल्या. मला दोन्ही बाजूंचे पटते, आणि म्हणूनच वाटते की असा अग्रक्रम एकदा दिला की परत घेता येत नाही. द्यायच्या आधीच विचार करावा.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, गुण मोजणाऱ्या पिअर्सन कंपनीची चूक उघडकीस आली. ४,७०० हून अधिक मुलांना खरे होते त्यापेक्षा कमी गुण कळवले गेले होते. एक कारण ऐकून मी थक्क झाले: मुलांची वये पूर्ण दिवसांत न मोजता महिन्यांत मोजली होती. चौथ्या वर्षी काही आठवड्यांचा फरक एवढा भारी असतो. इतकी मोठी कंपनी, इतका पैसा, तरी ही गत. आपण तर शाळेतल्या शाळेत प्रश्नपत्रिका काढून जूनमध्ये जन्मलेल्या आणि पुढच्या मार्चमध्ये जन्मलेल्या मुलाला एकाच पट्टीने मोजणार आहोत. नऊ महिन्यांचा फरक म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. शेवटी २०२१ च्या जानेवारीत तिथल्या शिक्षण मंडळाने चाचणीचा करार वाढवायला नकार दिला. त्यानंतर बालवाडीच्या शिक्षकांची शिफारस आणि त्यातून चिठ्ठ्या, अशी पद्धत आली. ती तरी बरी आहे का यावर तिथे अजून भांडण चालू आहे.

एवढ्या लांब न जाताही आपल्याला या विषयात सांगण्यासारखे घरचे आहे. बुद्धिमापनाची बिने यांची मूळ चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली, ती हुशार मुले निवडायला नव्हे, तर शिकताना अडणारी मुले ओळखून त्यांना मदत करायला. तिचे आपल्या भागातल्या मुलांसाठी रूपांतर केले ते शेजारच्या धारवाडात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, १९३० च्या दशकात. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कामतांनी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत प्रश्न बसवले, प्रत्येक वयाच्या मुलांवर ते पारखून घेतले. परदेशी प्रश्न जसेच्या तसे उचलले नाहीत. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशभर ओळखली जाते आणि आजही वापरात आहे. ती एकेका मुलाला समोर बसवून, प्रशिक्षित माणसाने, घाई न करता घ्यायची असते. पंचवीस बाकांवर छापील कागद वाटून नव्हे. ज्या गावाजवळ हे काम नव्वद वर्षांपूर्वी इतक्या काळजीने झाले, तिथे आपण दुकानातल्या सरावाच्या पुस्तकातून प्रश्न काढावेत, हे मला बरे वाटत नाही. आणि भाषेचे काय? आपल्या बालवर्गात घरी मराठी बोलणारी, घरी कानडी बोलून शाळेत मराठी शिकणारी, कोकणी बोलणारी अशी सगळी मुले आहेत. ‘यांतले वेगळे काय ते सांग’ हा प्रश्न कुणाला भाषेची परीक्षा होतो आणि कुणाला बुद्धीची.

आता खोलीत काय होते ते सांगते, कारण प्रस्ताव लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी चार वर्षांच्या मुलाची चाचणी घेतली असेल. मूल येते ते आईचा पदर सोडून. पहिली पाच मिनिटे ते बोलतच नाही. मग बोलते ते आपल्या घरच्या मांजरीविषयी. शू लागते. एकाला मी तीन चेंडूंच्या पुढे काय येईल म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘अक्कानं सांगितलंय, तुम्ही चेंडू विचारला की गोल म्हणायचं.’ भावंडांच्या चाचणीची खरी अडचण ही. थोरल्या अक्काने किंवा दादाने ती परीक्षा दिलेली असते, प्रश्न लक्षात असतात, घरी शाळा-शाळा खेळताना ते सगळे धाकट्याला शिकवले जातात. यात लबाडी कुणाचीच नाही, बहिणीने भावाला शिकवू नये असे कोण म्हणेल? पण मग त्याचे गुण म्हणजे त्याचे किती आणि अक्काचे किती, हे सांगता येत नाही. आणि ज्याला थोरले भावंडच नाही, त्या एकुलत्याला किंवा घरातल्या पहिल्या मुलाला ही शिकवणी कुठली?

उलटही होते. थोरली चुणचुणीत असली की घरात कामे वाटल्यासारखी होतात. ‘ही अभ्यासात, हा खेळात.’ धाकटा आपणहून दुसरे काहीतरी निवडतो. तो गप्प बसतो कारण उत्तर द्यायला अक्का आहे. अशी मुले पहिली-दुसरीपर्यंत झाकलेली राहतात आणि अक्का पाचवीत दुसऱ्या इमारतीत गेली की फुलतात. चौथ्या वर्षी त्यांना ‘बसत नाही’ असे लिहून दिले तर तो कागद त्यांच्याआधी घरी पोहोचतो.

कायद्याबद्दल दोन शब्द. शिक्षण हक्क कायदा, २००९, यातल्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई आहे, पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. सभेत कुणीतरी म्हणाले की आपण भाषिक अल्पसंख्याक, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. निकाल तसा आहे. पण २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याबद्दल शंका घेऊन तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. दुसरा युक्तिवाद असा की आपण प्रवेश देताना नव्हे, प्रवेश दिल्यावर तुकडी पाडताना चाचणी घेतो. शब्दांत तेही बसेल. मला एवढेच वाटते की सीमाभागातल्या मराठी शाळेने अल्पसंख्याक म्हणून मिळालेले संरक्षण भाषेसाठी वापरावे. चार वर्षांच्या मुलांची प्रतवारी लावायला ते मिळालेले नाही.

मग करावे काय? आपल्याच जिल्ह्यात कोथळीचे जवाहर नवोदय विद्यालय आहे, कित्तूरची राणी चन्नम्मा सैनिकी मुलींची शाळा आहे. दोन्हीकडे निवड चाचणीनेच होते, पण सहावीला, म्हणजे मूल दहा-अकरा वर्षांचे झाल्यावर. नवोदयला भावंड म्हणून वेगळी जागा नाही. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी हुशार मुलांसाठीच काढली, तिथल्या प्रशालेचा प्रवेशही पाचवीपासून आहे. ज्यांनी या कामात आयुष्य घातले त्यांनी बालवर्गाला हात लावला नाही. आपणही तिसरी संपेपर्यंत थांबावे.

आणि थांबल्यावर चाचणी घ्यायची तर सगळ्यांची घ्यावी, अर्ज करणाऱ्यांचीच नव्हे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्यात २००५ पर्यंत पालकांनी किंवा शिक्षकांनी नाव सुचवलेल्या मुलांचीच चाचणी होत असे. त्या वर्षापासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाला शब्दांवाचून सोडवायची एक छोटी चाचणी दिली गेली. गरीब घरांतली, घरी स्पॅनिश बोलणारी, कृष्णवर्णीय अशी कित्येक मुले एकदम वर आली. ती आधीही तिथेच बसलेली होती, त्यांचे नाव सुचवायला कुणी नव्हते. आपल्याकडेही अर्ज भरतील ते ठराविक घरांतले पालक. वडगावहून किंवा अनगोळहून दोन बस बदलून येणाऱ्या, आई दिवसभर कामावर असलेल्या मुलाचा अर्ज कोण भरणार?

भावंडांना अग्रक्रम द्यायचाच तर तो शाळेच्या प्रवेशात जरूर द्यावा. धाकट्याला आपल्या शाळेत जागा मिळणारच, अशी लेखी हमी विश्वस्तांनी प्रत्येक घराला द्यावी. पट टिकवायला हीच हमी उपयोगी पडेल. प्रज्ञा वर्गात मात्र तो देऊ नये. आणि तो वर्ग दिवसभर वेगळ्या खोलीत न ठेवता आठवड्यातल्या तीन दुपारी भरवावा. गणिताला एक मूल येईल, चित्रकलेला त्याची बहीण. दरवर्षी नवीन मुलांना दार उघडे असावे, आणि आत आलेल्याला बाहेर पडायचीही मुभा असावी. यात खर्च कमी होईल, कारण वेगळ्या बाईंचा पूर्ण पगार लागणार नाही, हा हिशेब खजिनदारांनी करून पाहावा.

विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तत्पूर्वी पालकांनी आपले म्हणणे लेखी द्यावे, कार्यालयात त्यासाठी वही ठेवली आहे. ज्यांची दोन मुले शाळेत आहेत त्यांनी विशेष करून लिहावे. लिहिताना थोरल्याच्या वेळी घरात काय झाले होते तेही लिहा: चाचणीचा निकाल धाकट्यासमोर वाचला होता की त्याला खेळायला पाठवून वाचला होता. प्रस्तावात निकाल कसा कळवायचा याचा एकही शब्द नाही, आणि मला बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारायचा आहे.